सामान्य कोणास म्हणतां?

परवां बाजाराच्या दिवशीं आमचे एक जुने स्नेही भेटले. आमच्या तोंडून संवयीनें निघून गेलें, "काय पाटील, काय विशेष?" त्यांनींही संवयीनेंच उत्तर दिलें, "कांहीं विशेष नाहीं, चाललंय आपलं." मग चहा झाला, पान झालें, आणि त्या 'कांहीं विशेष नाहीं'च्या पोटांतून एकेक गोष्ट बाहेर पडूं लागली. विहिरीनें तळ गांठला. कांदा बाजारांत नेला, तर हातीं आलेला पैसा गाडीभाड्यालाही पुरला नाहीं. थोरली गाय विकली. मुलीची शाळा सुटली, कारण एस्. टी. वेळेवर येत नाहीं आणि तिला रस्त्यानें एकटी धाडायला आईचा जीव होत नाहीं. सोसायटीच्या वार्षिक सभेंत पाटलांनीं उभें राहून कर्जखात्याबद्दल एक प्रश्न विचारला, तर व्यासपीठावरून कोणी बोललें, "सामान्य सभासदांनीं एवढ्या खोलांत शिरूं नये." सभा हंसली. पाटीलही हंसले आणि खालीं बसले.

"मग पुढें काय झालें?" आम्ही विचारलें.

"पुढं काय व्हायचं? आपण पडलों सामान्य माणसं," असें म्हणून ते गाडी चुकेल या घाईनें उठून गेले.

वाचकहो, तें उत्तर आमच्या मनांतून जाईना. ज्याची विहीर आटली, गाय गेली, मुलीची शाळा सुटली आणि भर सभेंत ज्याचा पाणउतारा झाला, त्याच्या घरीं 'कांहीं विशेष' घडलें नाहीं! आणि ज्या शब्दानें त्यास खालीं बसविलें, तोच शब्द त्यानें घरीं जातांना आपल्या हातानें आपल्या गळ्यांत बांधून घेतला. मारणाऱ्याची काठी मार खाणाऱ्यानेंच तेल लावून संभाळावी, तशांतला हा प्रकार. म्हणून आज आम्ही दुसरें कांहीं न बोलतां या एका शब्दाचा झाडा घेणार आहों. 'सामान्य' म्हणजे काय, आणि या शब्दाची आज अशी दशा कोणी केली?

प्रथम अर्थ पाहूं. 'सामान्य' हा शब्द 'समान' या शब्दापासून झाला. जें सर्वांत सारखें असतें, जें सर्वांचें असतें, तें सामान्य. त्याचा सख्खा भाऊ 'साधारण'. एकाच आधारावर उभे असलेले, असा त्याचा मूळ अर्थ. एका आढ्याखालीं नांदणारें घर जसें, तसे साधारण लोक. हलकें, कमी प्रतीचें, दुर्लक्ष करण्याजोगें, हा अर्थ या दोन्ही शब्दांच्या मुळांत गुंजभरही नाहीं.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं. ज्या शास्त्रांच्या नांवानें आमच्या वाडवडिलांस गप्प बसविलें, तीं शास्त्रेंच उघडून पाहा. वैशेषिक दर्शनानें जगांतल्या सर्व पदार्थांचा हिशेब सहा खात्यांत मांडला : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. त्यांत 'सामान्य' हें एक स्वतंत्र खातें आहे. हजार गाई हजार रंगांच्या असोत. त्या सर्वांस गाय म्हणावयास लावणारें जें एक त्या सर्वांत आहे, त्याचें नांव सामान्य. एक गाय मेली म्हणून तें मरत नाहीं. शास्त्रकारांनीं त्यास नित्य म्हटलें आहे. आणि हें दर्शन सांगणारा कणाद कोण? शेतांत सांडलेले दाणे वेंचून पोट भरी, म्हणून त्याचें नांव कणाद पडलें, असें परंपरा सांगते. सरवा वेंचणाऱ्यानें ज्या शब्दास एवढें मोठें आसन दिलें, त्याच शब्दानें आज सरवा वेंचणाऱ्यास हिणवावें, यापरती थट्टा कोणती?

व्याकरणांतही तेंच. शाळेंतल्या कोणत्याही पोरास विचारा. 'गोदावरी' हें विशेषनाम, 'नदी' हें सामान्यनाम. गोदावरीनें आपलें नांव कितीही मिरविलें, तरी ती आधीं नदी आहे आणि मग गोदावरी आहे. त्याहून मौजेची गोष्ट सामान्यरूपाची. 'कोयता' या शब्दास 'नें' हा प्रत्यय लावून पाहा. 'कोयतानें' असें कोणी म्हणत नाहीं, 'कोयत्यानें' असें म्हणतात. त्या 'कोयत्या'स व्याकरणांत सामान्यरूप हें नांव आहे. आधीं सामान्यरूप, मग प्रत्यय, मग वाक्य. मराठी भाषेचा गाडा ज्या आंसावर फिरतो, त्या आंसाचें नांव सामान्य!

आतां शास्त्र आणि व्याकरण बाजूस ठेवूं आणि सरकारदरबारीं जाऊं. मुंबईस मंत्रालयांत एक विभाग आहे. नोकरवर्गाच्या नेमणुका-बदल्यांचे नियम, मंत्रिमंडळाचें कामकाज, राजशिष्टाचार, हीं सूत्रें त्याच्याकडे. प्रघातानें तो मुख्यमंत्र्यांच्याच हातीं असतो. त्या विभागाचें नांव काय? 'सामान्य प्रशासन विभाग'. तेथल्या सचिवास कोणी 'तुम्ही सामान्य, तुम्ही खोलांत शिरूं नका' असें म्हटल्याचें आम्ही ऐकलें नाहीं! तेथें सामान्य म्हणजे सर्वांवर ज्याची नजर, तें.

तेथून जिल्ह्याच्या गांवीं या. 'जिल्हा सामान्य रुग्णालय' अशी पाटी दिसते. सामान्य कां? तर एकाच रोगावर नव्हे, सर्व रोगांवर तेथें उपचार व्हावे म्हणून. पण आमच्या लोकांस काय वाटतें? सामान्य माणसांसाठीं म्हणून सामान्य रुग्णालय. मग औषध संपलें म्हणून सांगितलें, डॉक्टर उद्यां येतील म्हणून सांगितलें, तरी तक्रार कसली करायची? फुकटाचें तें असेंच असायचें! पाटी एकच. ताठ मानेनें वाचली तर सर्वांचा हक्क, मान खालीं घालून वाचली तर गरिबाची भीक.

इंग्रजीतला 'जनरल' हा शब्द आतां आपल्या घरचाच झाला आहे. त्याची तर याहून गंमत. लष्करांत जनरल म्हणजे सर्वांच्या वर. आगगाडींत जनरल म्हणजे तो डबा, ज्यांत पाय ठेवावयास जागा नाहीं. शब्द तोच. जेथें हुकूम करायचा तेथें त्याचा अर्थ सर्वांचा धनी. जेथें हाल सोसायचे तेथें त्याचा अर्थ ज्याचा कोणी नाहीं तो.

आतां ज्या सभेंत आमच्या पाटलांस खालीं बसविलें तिचीच गोष्ट घ्या. तिचें नांव 'वार्षिक सर्वसाधारण सभा'. सोसायटी असो, दूध संघ असो, साखर कारखाना असो, त्यांस १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू आहे. त्याचें ७२ वें कलम सांगतें कीं, कायदा व पोटनियम यांस धरून संस्थेचा अंतिम अधिकार सभासदांच्या सर्वसाधारण सभेकडे राहील. चेअरमनकडे नव्हे, संचालकांकडे नव्हे, व्यासपीठावर मधल्या खुर्चींत बसलेल्या पाहुण्याकडे तर नव्हेच नव्हे. आणि २७ वें कलम सांगतें कीं, सभासदास मत एकच. त्याचा भाग एक असो कीं हजार असोत. 'सामान्य' शब्दाचा अर्थ याहून स्वच्छ कोणी लिहावा? ज्या सभेंत सामान्य सभासद हाच धनी, त्याच सभेंत त्यास 'खोलांत शिरूं नका' म्हणतात. वाहवा रे न्याय! घरच्या धन्यास राखणदारानें उंबऱ्यावर अडवावें आणि धन्यानें 'बरं बाबा, चुकलं' म्हणून माघारी फिरावें!

पण राखणदारासच कां दोष द्यावा? आमचें काय चालतें? अहवालाचें पुस्तक घरीं येतें, तें पोरांच्या वह्यांस घालायला कामीं येतें. सभेच्या दिवशीं एक जण विषय वाचतो, पुढच्या रांगेंतून 'मंजूर, मंजूर' असा गजर उठतो, आणि घटकाभरांत वर्षाचा हिशेब गुंडाळला जातो. काट्यावर ऊस किती भरला, उतारा किती लागला, तोडणी-वाहतुकीपायीं टनामागें किती कापलें, हा प्रश्न ज्याच्या पोटांत असतो, तो तो पोटांत घेऊनच पंगतीला बसतो. जिलबी गोड लागते आणि हिशेब कडू लागतो, म्हणून आम्ही जिलबी खाऊन घरीं येतों.

आमच्याच मागल्या पिढीची गोष्ट आठवा. लोणीस प्रवरेच्या सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप १९५० सालीं झालें. तें उभारण्यांत पुढें असलेले विठ्ठलराव विखे पाटील शेतकरीच होते, आणि गांवोगांव फिरून त्यांनीं ज्यांचे भाग गोळा केले तेही शेतकरीच होते. अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ त्यांच्या जोडीस आले. त्या शेतकऱ्यांनीं 'आम्ही सामान्य माणसें' म्हणून हात जोडले असते, तर आमचा ऊस गुऱ्हाळांत आणि आमचा हिशेब सावकाराच्या वहींत राहिला असता. त्यांनीं सामान्य या शब्दाचा खरा अर्थ केला : आपण सारे सारखे, म्हणून आपण सारे मिळून. त्यांच्या नातवंडांनीं खोटा अर्थ केला : आपण सारे सारखेच लहान, म्हणून आपण सारे गप्प.

मग एवढा मोठा शब्द खालीं आला कसा? आमचें म्हणणें ऐका. जेथें माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरते, तेथें जें सर्वांचें तें हलकें ठरणारच. जें कोणासही मिळतें तें कसलें मोलाचें? ज्ञानेश्वरी १२९० सालीं लोकांच्या बोलींत सांगितली गेली. त्या बोलीस पंडितांचा शब्द 'प्राकृत'. म्हणजे लोकांची, म्हणजे कमी प्रतीची! ज्या भाषेंत आई लेकरास निजवते ती भाषा कमी प्रतीची, कां, तर ती सर्वांस येते! हाच न्याय पुढें शाळेस लागला. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेवलें. महसूल रयतेच्या घामांतून येतो, मग विद्येचा पैसा वरच्या वर्गांवर कां जातो, हा त्यांचा सवाल होता. आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, ही त्यांची मागणी होती. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत तें सक्तीचें आणि मोफत केलें. साऱ्या देशांत ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा कायदेशीर हक्क अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. निवेदनापासून १२८ वर्षें झालीं!

आणि शाळा सर्वांची झाल्यावर काय झालें? ज्यांस ऐपत होती ते तेथून उठले. गुरुजींचीं पोरें उठलीं, सरपंचाचीं उठलीं, सभापतींचीं उठलीं. राहिलीं ऊसतोड्याचीं, कुंभाराचीं, मजुराचीं. मग त्या शाळेच्या गळक्या छपराकडे पाहायला कोण येणार? येथेंच या शब्दाच्या दुर्दशेचें मूळ आहे, वाचकहो, तें नीट ध्यानांत घ्या. वस्तु सर्वांची झाली म्हणून वाईट होत नाहीं. ज्यांच्या शब्दास वजन असतें ते तिच्यांतून उठून जातात, उरलेले 'आपल्याला एवढंच' म्हणून गप्प बसतात, आणि मग ती वाईट होते. उठणाऱ्याचा एक वांटा आणि गप्प बसणाऱ्याचा एक वांटा.

हें पाप वांटतांना आमचा वांटा दुसऱ्याच्या ताटांत सारून चालणार नाहीं. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांनीं ठराव मांडून मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्य म्हणविलेल्या वर्गांस खुले असावे. महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या हजारों बांधवांसह तेथलें पाणी ओंजळींत घेतलें, तेव्हां काय झालें तें जगास माहीत आहे. लाठ्या पडल्या, तळें 'शुद्ध' केलें गेलें, आणि वाद हायकोर्टांत १७ मार्च १९३७ पर्यंत चालला. तळें सार्वजनिक, म्हणजे सर्वांचें. पण 'सर्वांत' कोणास मोजायचें, एवढ्या एका गोष्टीचा निकाल लागावयास दहा वर्षें लागलीं. आणि गांवोगांवच्या विहिरींवर दांडकें घेऊन उभे राहणारे सारेच पोथी वाचणारे नव्हते. नांगर धरणारेही होते. ज्यानें आपल्या खालीं कोणास तरी 'सर्वांच्या' बाहेर ठेवलें, त्यास वरचा कोणी 'सामान्य' म्हणून हिणवूं लागला तर त्यानें कोणाकडे दाद मागावी? समान या शब्दाचा एक कोपरा कापला कीं सारें कापड उसवतें.

आतां कारागिरांची गोष्ट. कोल्हापुरी पायताण पाहा. कातडें हिरडा आणि बाभळीच्या सालींत कमवायचें, रांपीनें कापायचें, आरीनें भोंक पाडून कातड्याच्या वादीनें हातानें शिवायचें, कान आणि वेणी बसवायची, आणि खिळा एकही मारायचा नाहीं. ही विद्या पिढ्यान् पिढ्या घरांत शिकावी लागते. पण आमच्या बाजारांत तिचें नांव काय? 'साधी चप्पल'. त्या साध्या चपलेसाठीं आम्हीच दुकानदाराशीं पन्नास रुपयांवरून तास तास घासाघीस करतों. २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चार चार जिल्ह्यांस मिळून तिचें भौगोलिक मानांकन झालें. आणि जून २०२५ मध्यें इटलींत मिलान शहरीं प्राडा या पेढीनें तशाच घाटाच्या चपला आपल्या प्रदर्शनांत मांडल्या, कोल्हापूरचें नांव न घेतां. इकडे ओरड झाली तेव्हां मूळ आपल्या कारागिरांचें आहे हें त्या पेढीनें मान्य केलें. त्या दिवशीं आमच्या लोकांस कळलें कीं, आपण पायांत घालतों ती वस्तु विशेष आहे! परक्यानें उचलल्याखेरीज आपल्या घरची वस्तु डोळ्यांत भरूं नये, ही कोणती दृष्टि? कुंभाराचा हात, लोहाराचा भाता, सुताराचा रंधा, यांस आम्ही 'त्यांत काय विशेष' म्हणतों, आणि दर करतांना तेंच वाक्य त्यांच्या पोटावर मारतों.

आणि घरांतली बाई? पाहुणा विचारतो, "घरचीं काय करतात?" आम्ही बेधडक सांगतों, "कांहीं नाहीं, घरींच असतात." पहांटे उठून शेणपाणी, दूध, भाकरी, मग दिवसभर खुरपणी, कापूस वेंचणी, सांजेस सरपण, पुन्हां चूल. आणि हें सारें 'कांहीं नाहीं'! मालकाच्या तोंडीं सामान्य शब्दाचा जो अर्थ, तोच आमच्या तोंडीं आमच्या बायकोपुरता. सातबारावर तिचें नांव घालायचें निघालें म्हणजे 'त्यांत काय विशेष' असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तेव्हां तें फार विशेष होतें!

या शब्दाचा व्यापार करणारेही पुष्कळ आहेत. निवडणूक आली कीं ज्याच्या दारांत चार मोटारी तोही छातीवर हात ठेवून सांगतो, 'मी सामान्य शेतकऱ्याचा मुलगा.' सामान्य हें त्याचें आंत शिरण्याचें तिकीट. आंत गेल्यावर तें फाडून टाकायचें. हे कोणी परके नव्हेत. आमच्याच भावकींतले, आमच्याच पंगतींत जेवलेले आहेत. ज्या चळवळीनें वरच्यांस 'तुम्ही विशेष कां?' असें विचारलें, तिच्या कांहीं वारसांनीं 'आतां आम्ही विशेष' असें उत्तर देऊन चळवळ संपविली.

आणि सामान्य माणसाचें चित्र? आर. के. लक्ष्मण यांनीं आपल्या व्यंगचित्रांत १९५१ पासून पुढें कित्येक दशकें एक 'कॉमन मॅन' रंगविला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. त्याचे पुतळेही झाले. पुण्यास आहे, मुंबईस वरळीच्या किनाऱ्यावर आहे. चित्रकाराची लेखणी मोठी धारदार. मंत्र्यासंत्र्यांस तिनें सोडलें नाहीं. पण तो माणूस स्वतः कधीं बोलला नाहीं. सारें पाहायचें, सारें समजायचें आणि तोंड मिटून उभें राहायचें. चित्रांत तें शोभतें, कारण तेथें त्याच्या वतीनें चित्र बोलतें. आमच्या ग्रामसभेंत आमच्या वतीनें कोण बोलणार? न बोलणारा सामान्य माणूस सर्वांस आवडतो. त्याचा पुतळाही उभारतात. बोलणारा सामान्य माणूस ज्यास आवडेल असा पुढारी आम्हांस दाखवा!

यावर कोणी म्हणेल, "साधेपणा हा आपल्या लोकांचा गुण आहे. तुम्ही तो घालवून त्यांस मोठेपणा मिरवायला शिकवतां काय?" नाहीं. साधेपणा अंगावरच्या कपड्यांत असावा, ताटांत असावा, बोलण्यांत असावा. हिशेब मागण्यांत साधेपणा कसला? साध्या धोतराचा माणूस आपल्या शेताचा बांध कोणी कोरला तर एक वीतही सोडत नाहीं. सोसायटीच्या वहींतला बांध कोरला जातो तेव्हांच त्यास साधेपणा कां आठवावा?

दुसरा म्हणेल, "मग उपाय एकच, आपणही विशेष व्हावें." हा उपाय आमच्या तरुणांनीं केव्हांच सुरू केला आहे. गल्लीच्या तोंडाशीं फलक लागतात. प्रत्येक फलकावर एक युवा नेता, प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. लग्नाच्या पत्रिकेंत नांवांच्या इतक्या रांगा, कीं नवरानवरी शोधावीं लागतात. अपमान सामान्य म्हणून झाला, तर औषध विशेष होण्यांत नाहीं, मित्रांनो. दहांतला एक विशेष झाला कीं उरलेले नऊ आणखी खालीं गेले. आम्हांस विशेष व्हायचें नाहीं. आम्हांस सामान्य व्हायचें आहे, म्हणजे समान व्हायचें आहे. १९३५ च्या कायद्यानें मत कोणास होतें? ज्याच्याकडे ठरल्याइतकी मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण असेल त्यास. १९५० सालीं राज्यघटना आली, १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, आणि मोलकरणीच्या व मिलमालकाच्या मताची किंमत एक झाली. त्या दिवशीं कोणी विशेष झाला नाहीं. सारे सामान्य झाले. आमच्या इतिहासांत त्याहून विशेष दिवस आम्हांस ठाऊक नाहीं.

तेव्हां शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, एवढें करा. 'आम्ही आपलीं सामान्य माणसें' हें वाक्य हात जोडून बोलूं नका. बोलायचेंच असेल तर मान वर करून बोला, म्हणजे त्याचा अर्थ आपोआप बदलेल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आंत व्हावयाची असते. तिचा अहवाल घरीं आला कीं शाळेंत जाणाऱ्या पोरीकडून मोठ्यानें वाचून घ्या, आणि न समजलेल्या ओळीवर खूण करून तीच ओळ सभेंत विचारा. एकट्यानें विचारल्यास हंसतील, म्हणून चौघांनीं मिळून विचारा. ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां झाली पाहिजे असा कायदा आहे. तिला जा आणि बायकांस घेऊन जा. रुग्णालयाच्या पाटीवरचा 'सामान्य' हा शब्द पोरांस अर्थासकट शिकवा. आणि आपल्या गांवांत, आपल्या ओट्यावर, आपल्या पाणवठ्यावर 'सर्वांच्या' बाहेर अजून कोणास ठेवलें असेल, तर आधीं त्यास आंत घ्या. त्यावांचून बाकीचें सारें फोल आहे.

राहिली आमच्या पाटलांची गोष्ट. त्यांचें म्हणणें अगदींच चूक होतें असें आतां आम्हांस वाटत नाहीं. विहीर आटणें, कांदा मातीमोल होणें, गाय विकली जाणें, पोरीची शाळा सुटणें, भर सभेंत तोंड दाबलें जाणें, यांत खरोखरच 'विशेष' कांहीं नाहीं. हें सारें सामान्य आहे. म्हणजे तें शेजारच्या घरींही आहे, पलीकडच्या आळींतही आहे, तालुकाभर आहे. आणि जें सर्वांच्या घरीं आहे तें एकट्याचें नशीब नव्हे. तें सर्वांचें गाऱ्हाणें आहे, आणि सर्वांनीं मिळून मांडायचें आहे. पुढच्या बाजारीं पाटील भेटले कीं आम्ही त्यांस 'काय विशेष?' असें विचारणार नाहीं. 'काय पाटील, सामान्य काय आहे?' असें विचारूं, आणि जें सांगतील तें सभेच्या वहींत लिहावयास त्यांच्याबरोबर जाऊं.